ढळलेल्यांचे तारण

इ.स. 250च्या जूनमध्ये इजिप्तमधल्या एका खेड्यातून 72 वर्षांच्या म्हाताऱ्याने सरकारदरबारी अर्ज केला. देवांना मी आजवर बळी देत आलो, आताही तुमच्यासमक्ष बळी दिला, मद्य ओतले, प्रसादाचे मांस चाखले. तसा दाखला मिळावा. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण. सम्राट डेशियसच्या हुकमाने रोमन साम्राज्यात घराघरांतून असे दाखले काढले गेले आणि असंख्य ख्रिस्ती माणसे ढळली. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप जाळला, कोणी लाच देऊन कागद तेवढा मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की, तिथे लोक आपण होऊन वेदीकडे धावले. ख्रिस्ती माणसाचे तारण हातचे जाऊ शकते का, हा वाद आज बहुधा वचने समोरासमोर ठेवून घातला जातो. तेव्हा मात्र तारण गमावता येते, याविषयी मंडळीत फारसे दुमत नव्हतेच. भांडण होते ते परतीच्या वाटेचे. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने ढळलेल्यांना दार कायमचे बंद केले. पण देव त्यांना क्षमा करणारच नाही, असे तोही म्हणाला नाही. ती क्षमा देण्याचा अधिकार मंडळीला नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

सिप्रियनने 251 साली परिषद भरवून प्रत्येकाचा अपराध वेगळा तोलला. कागद विकत घेणाऱ्याला लवकर सामावून घेतले, बळी देणाऱ्याला दीर्घ पश्चात्ताप सांगितला. इतकी माणसे गमावणे परवडणार नव्हते म्हणून ही सवलत, असा आक्षेप घेता येईल. पण मग 325 साली, छळ संपून सम्राटच पाठीशी उभा असताना, नायसियाच्या परिषदेने जबरदस्ती नसतानाही ढळलेल्यांना बारा वर्षांचा पश्चात्ताप का सांगितला? नुसती संख्या राखायची असती तर एवढी कडक अट कोणी घातली नसती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : खरे तारण गमावताच येत नाही. डॉर्डरेख्टच्या धर्मसभेने 1619 मध्ये ठरवले की, देवाने निवडलेला माणूस घोर पापात पडेल, पण कायमचा हरवणार नाही. जो हरवला तो मुळात खरा विश्वासणारा नव्हताच. या मतात मोठा दिलासा आहे, हे मी मनापासून मानतो. पण ते निवाडा शेवटावर सोपवते, आणि कार्थेजच्या बिशपाला तर दारात उभ्या असलेल्या माणसाला आजच काहीतरी सांगायचे होते. बिशप काल्डोनियसने त्याला अशीच प्रकरणे कळवली होती. फेलिक्स, त्याची बायको व्हिक्टोरिया आणि लुसियस यांनी आधी बळी दिला होता. पुन्हा पकडल्यावर मात्र ते ठाम राहिले, मालमत्तेवर पाणी सोडून हद्दपार झाले. बोना नावाच्या बाईला नवऱ्याने वेदीपाशी ओढत नेले, तिचे हात धरून बळी द्यायला लावले. हे मी नाही, तुम्ही केले, असे ती ओरडत राहिली आणि तीही हद्दपार झाली. यांना मंडळीत घ्यावे का, असे काल्डोनियसने विचारले. सिप्रियनने होकार कळवला.