पीचच्या दोन टोपल्या आणि अठरा नाराज विद्यार्थी

बास्केटबॉलचा जन्म एका धार्मिक संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात झाला, आणि तोही चौदा दिवसांच्या मुदतीत. ख्रिस्ती तरुणांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती हिवाळ्यासाठी एखादे साधन असावे, म्हणून हा खेळ मुद्दाम घडविण्यात आला. आजचा थ्रेड त्या साधनाविषयी, आणि ते कर्त्यांच्या हातून कसे निसटले त्याविषयी.

प्रारंभ लंडनमध्ये. ६ जून १८४४ रोजी जॉर्ज विल्यम्स हा कापडाच्या पेढीतील बावीस वर्षांचा नोकर आणि त्याचे काही सोबती एकत्र आले व त्यांनी ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’, म्हणजेच वायएमसीए, स्थापन केली. खेड्यांतून आलेले हे तरुण दिवसभर दुकानात राबत आणि रात्री दुकानाच्याच माळ्यावर दाटीवाटीने झोपत. मोकळा वेळ थोडा. तो घालविण्यासाठी दारूचे गुत्ते मात्र पुष्कळ. विल्यम्सच्या मंडळीजवळची साधने साधी होती : प्रार्थना, बायबलचा अभ्यास, पुढे व्याख्याने आणि वाचनालय. व्यायाम, खेळ यांचा त्यात मागमूसही नव्हता.

अमेरिकेत हे चित्र पालटले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएने आपल्या नव्या इमारतीत व्यायामशाळा बांधली आणि हळूहळू इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. मात्र एक प्रश्न सतत सतावीत राहिला. व्यायामशाळा हे निव्वळ आमिष आहे काय? तरुणाने डंबेल्सच्या ओढीने आत यावे आणि मग त्याला उपदेशाच्या खोलीत न्यावे, एवढेच तिचे प्रयोजन काय? अनेक धर्मोपदेशकांना तर तेवढेही मान्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने खेळ म्हणजे सैतानाचीच वाट.

होनोलुलूत, मिशनरी घराण्यात जन्मलेल्या ल्यूथर गुलिकने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. आत्मा, मन आणि शरीर या एकाच माणसाच्या तीन बाजू असून त्यांपैकी एकीकडे दुर्लक्ष करून दुसरी घडविता येत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. वायएमसीएचे त्रिकोणाचे चिन्ह त्याचेच. आमिषाची भाषा त्याला मुळातच चुकीची वाटे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे १८८५ मध्ये ‘स्कूल फॉर ख्रिश्चन वर्कर्स’ स्थापन झाले होते. पुढे वायएमसीएचे प्रशिक्षण विद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेत गुलिक शारीरिक शिक्षणाचा प्रमुख होता.

१८९० मध्ये तेथे जेम्स नेस्मिथ दाखल झाला. जन्म १८६१, कॅनडातील ऑन्टारिओ. नवव्या वर्षी विषमज्वराने आईवडील दोघेही गेले. मामाच्या घरी वाढला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पदवी घेऊन तो धर्मशास्त्राकडे वळला, परंतु फुटबॉल सोडवेना. रग्बीसारख्या त्या धसमुसळ्या खेळात भावी पाद्री उतरतो, याचे त्याच्या सहाध्यायांना इतके दुःख झाले की ते त्याच्यासाठी प्रार्थना करीत. पुढे एका सामन्यात शेजारच्या खेळाडूच्या तोंडून शिवी निसटली आणि नेस्मिथ जवळ आहे हे ध्यानात येताच त्याने लगेच क्षमा मागितली. वास्तविक नेस्मिथने शिव्यांविषयी कधी चकार शब्द काढलेला नव्हता. व्यासपीठावर न चढताही माणसावर संस्कार होऊ शकतो, हे त्याला तेथे उमगले, आणि चर्चची वाट बाजूला ठेवून तो स्प्रिंगफील्डला आला.

१८९१ च्या हिवाळ्यात विद्यालयात एक विचित्र अडचण उभी राहिली. फुटबॉलचा हंगाम संपला, बेसबॉलला वसंतापर्यंत अवकाश. मधल्या महिन्यांत व्यायामशाळेत कवायत आणि कसरत एवढेच काय ते उरे. अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग या कसरतींना पुरता विटला. हे विद्यार्थी पुढे ठिकठिकाणच्या वायएमसीएचे सेक्रेटरी होणार होते. वयाने मोठे, कवायतीची मुळीच आवड नसलेले. दोन शिक्षकांनी हात टेकले. दोष विद्यार्थ्यांचा नसून पद्धतीचा आहे, असे नेस्मिथ एका चर्चेत बोलून गेला, तेव्हा गुलिकने तोच वर्ग त्याच्या गळ्यात घातला व बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यास चौदा दिवस दिले.

बहुतेक दिवस अपयशातच गेले. फुटबॉल, सॉकर, लॅक्रॉस हे खेळ छपराखाली आणून पाहिले. कोणाचे डोके फुटायचे, तर कोठे काचा. अखेर नेस्मिथने प्रश्नच उलटा मांडला. खेळ हिंसक का होतो? खेळाडू चेंडू घेऊन धावतो, म्हणून त्याला आडवे पाडावे लागते. मग धावण्यासच मनाई केली तर? आणि गोलात चेंडू जोराने मारावा लागतो, कारण गोल समोर उभा असतो. तोच डोक्यावर आडवा ठेवला तर जोर निरुपयोगी ठरेल. अलगद, कमानदार फेक हवी. बालपणी गावात खेळलेल्या ‘डक ऑन अ रॉक’ या दगड नेमून मारण्याच्या खेळाची आठवण येथे कामी आली. बास्केटबॉलचे हे दोन पायाभूत नियम म्हणजे एका धर्मशास्त्राच्या पदवीधराने शेजाऱ्याला इजा न करण्याच्या तत्त्वाला दिलेले यांत्रिक रूप होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

डिसेंबरात तेरा नियम टंकलिखित होऊन सूचनाफलकावर लागले. गोलासाठी चौकोनी खोकी हवी होती. इमारतीच्या देखभालीचे काम पाहणाऱ्या स्टेबिन्सला ती सापडली नाहीत. त्याने पीच ठेवण्याच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. आजही जगभर बास्केटची उंची दहा फूटच आहे. वर्गात अठरा जण, म्हणून प्रत्येक बाजूस नऊ. चेंडू सॉकरचा. टोपलीला बूड असल्याने गोल झाला की कोणीतरी वर चढून चेंडू काढावा लागे. सुदैवाने पहिल्या सामन्यात ही कसरत एकदाच करावी लागली : निकाल १–०, गोल विल्यम चेसचा. ‘नेस्मिथ बॉल’ हे सुचविलेले नाव शोधकर्त्यानेच हसून नाकारले.

हा खेळ इतक्या वेगाने पसरला याचे कारण खेळाच्या गोडीइतकेच संस्थेच्या रचनेत होते. नाताळच्या सुट्टीत विद्यार्थी गावोगावी गेले आणि खेळ बरोबर घेऊन गेले. जानेवारी १८९२ मध्ये ‘द ट्रँगल’ या विद्यालयाच्या पत्रात नियम छापून आले व वायएमसीएच्या शाखाशाखांत पोहोचले. एक चेंडू, दोन टोपल्या, थोडे नियम. कोणत्याही शाखेच्या सेक्रेटरीला एका दुपारी हे सारे उभे करता येई. त्याच जाळ्यातून १८९५ मध्ये आणखी एक खेळ निघाला. स्प्रिंगफील्डजवळच्या होल्योक शाखेतील विल्यम मॉर्गनने प्रौढ सभासदांसाठी, धक्काबुक्की नको म्हणून मध्ये जाळी बांधून रचलेला. तो म्हणजे व्हॉलीबॉल.

परंतु साधन तयार करणाऱ्याचे ऐकतेच असे नाही. दहा जण चेंडूमागे धावणार आणि एरवी व्यायाम करणारे कितीतरी सभासद भिंतीशी उभे राहणार, अशी तक्रार सुरू झाली. भांडणे, मारामाऱ्याही होऊ लागल्या. काही शाखांनी खेळावर चक्क बंदी घातली. बाहेर पडलेल्या संघांनी सभागृहे भाड्याने घेतली आणि तिकिटे लावली. १८९६ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या खेळाडूंनी पैसे वाटून घेतले, तो पहिला व्यावसायिक सामना मानला जातो. शरीर, मन, आत्मा यांच्या त्रिकोणात गल्ल्याला जागा नव्हती. ती वायएमसीएने दाराबाहेर काढलेल्यांनीच करून दिली.

दाराबाहेर आणखी कोण होते, हे पाहिल्यावाचून ही कथा प्रामाणिक राहणार नाही. एडविन हेंडरसन हा वॉशिंग्टनचा कृष्णवर्णीय शिक्षक १९०४ मध्ये हार्वर्डच्या उन्हाळी वर्गात बास्केटबॉल शिकला. १९०७ मध्ये तो आपल्या मेहुण्यासह शहरातील गोऱ्यांच्या वायएमसीएत सामना पाहण्यास गेला, तेव्हा दोघांनाही बाहेर काढण्यात आले. वायएमसीएच्या शाखा त्या काळी वर्णानुसार विभागलेल्या होत्या. त्याच शहरात कृष्णवर्णीयांसाठी पहिली वायएमसीए १८५३ मध्ये अँथनी बोवेन यांनी स्थापन केली होती, ते स्वतः एकेकाळी गुलाम होते. हेंडरसनने तिच्याच ‘ट्वेल्फ्थ स्ट्रीट’ शाखेचा संघ बांधला. १९०९–१० च्या हंगामात तो एकही सामना हरला नाही. बंधुत्वाचे साधन एका बंधूला नाकारले गेले, आणि त्याने ते साधन कर्त्यांपेक्षा अधिक निष्ठेने वापरले.

भारतात हा खेळ आला तो याच वाटेने. नेस्मिथच्या त्या पहिल्या वर्गातील कॅनेडियन विद्यार्थी डंकन पॅटन याने १८९४ च्या सुमारास तो इकडे आणला. मुंबईत वायएमसीए १८७५ पासून होती. १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासमध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तेथून शिकून गेलेले शिक्षक शाळाशाळांत पोहोचले, आणि ज्यांनी वायएमसीएचे नावही ऐकले नाही अशा मुलांच्या हाती चेंडू आला.

मुंबईच्या नागपाड्यात तर दोन धागे एकत्र आले. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला, त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. गिरणगावाला लागून असलेल्या या दाट वस्तीत उभ्या राहिलेल्या ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’चे काम त्यांनी पाहिले. त्यात धर्मप्रसारापेक्षा वस्तीच्या रोजच्या जगण्यावर भर होता. खेळ हा त्या कामाचा भाग. त्या अनुभवातूनच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, स्थापन झाली व मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक झाले.

त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये, पंचाहत्तरीकडे झुकलेला नेस्मिथ बर्लिन ऑलिंपिकला उपस्थित होता. बास्केटबॉलचा पहिलाच ऑलिंपिक अंतिम सामना मातीच्या उघड्या मैदानावर, पावसात झाला. चेंडू उसळेना, अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरविले. पेटंट वा मानधनाच्या मागे नेस्मिथ कधी लागला नव्हता. प्रवासखर्चदेखील बास्केटबॉल प्रशिक्षकांनी वर्गणी काढून भागविला होता. १९३९ मध्ये तो वारला. सूचनाफलकावर लागलेली ती तेरा नियमांची दोन पाने २०१० मध्ये लिलावात ४३ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली.

आणि नागपाडा? बहुसंख्य मुस्लिम वस्तीचा हा भाग मुंबईच्या बास्केटबॉलचे माहेर झाला. भारताचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर तेथलेच.