तारा ताणलेल्या, हात मोकळा

शास्त्रीय गिटारच्या सहा नायलॉन तारा मिळून सुमारे ४० किलोचा ताण वाद्यावर पडत असतो. तो सोसण्यासाठीच वाद्य घडवलेले असते. वादकाचे शरीर नव्हे. तरीही कठीण जागा आली की नवशिक्याचा खांदा वर चढतो, जबडा आवळला जातो आणि श्वास रोखला जातो. बोटांना ती जागा पाठ होते, तेव्हा तिच्याबरोबर हा ताणही पाठ होतो. त्यामुळे हात मोकळा ठेवण्याची सवय रियाजाच्या पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते.

सैल म्हणजे ढिला नव्हे

तार छेडताना किंवा दाबताना स्नायू आवळला जाणारच. काम संपताक्षणी तो पुन्हा मोकळा होतो की नाही, हे महत्त्वाचे. एका स्वराचा ताण शिल्लक असतानाच दुसरा स्वर घेतला, की ताण साचत जातो. द्रुत लयीत बोटे अडखळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

बैठक

स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) यांच्या काळापासून डावा पाय छोट्या चौकीवर ठेवून त्या मांडीवर गिटार टेकवण्याची पद्धत रूढ झाली. या बैठकीत कंबर एका बाजूला वळते. त्यामुळे अलीकडे अनेक वादक दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मांडीवर उशी किंवा वाद्याला जोडण्याचा आधार वापरतात. पद्धत कोणतीही असो, हातांनी न धरताही वाद्य स्थिर राहिले पाहिजे. डाव्या हाताला वाद्य सावरावे लागले, तर तो मोकळा राहूच शकत नाही.

डावा हात

बहुतेक विद्यार्थी तार गरजेपेक्षा जास्त जोराने दाबतात. यावर एक सोपा प्रयोग आहे. तारेला बोट नुसते टेकवून ती छेडत राहावी आणि दाब हळूहळू वाढवावा. स्वर ज्या क्षणी स्वच्छ उमटेल, तेवढाच दाब पुरेसा. बोट पडद्याच्या मागे, पण त्याच्या अगदी जवळ ठेवल्यास हा दाब आणखी कमी लागतो. अंगठा आवळला जात असेल, तर तो गिटारच्या दांडीपासून क्षणभर उचलून सोपा तुकडा वाजवावा. हाताचे वजन वापरूनही तार दाबता येते, हे त्यातून उमगते.

उजवा हात

तार छेडून झाल्यावर बोट आपोआप मूळ जागी परतले पाहिजे. ते मुद्दाम ताठ करून उचलू नये. तारेगा यांच्या ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ या प्रसिद्ध रचनेत अंगठ्यानंतर अनामिका, मध्यमा आणि तर्जनी एकाच तारेवर झरझर फिरतात. अशा वेळी न वाजणारी करंगळी ताठ झाली, तर हातात ताण आहे असे समजावे.

रियाजाची रीत

लय इतकी संथ ठेवावी की प्रत्येक स्वरानंतर हात तपासता येईल. चूक झाली तर पूर्ण रचना पुन्हा न वाजवता अडलेले दोन-चार स्वरच घ्यावेत. लय वाढवताना खांदा चढला, तर एक पायरी मागे यावे. साधारण २० ते २५ मिनिटांनी वाद्य खाली ठेवून हात झटकावेत.

धोक्याची खूण

वेदना, मुंग्या किंवा बधिरपणा जाणवल्यास रियाज थांबवावा आणि त्रास टिकून राहिल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘फोकल डिस्टोनिया’ या विकारात तर अनेकदा दुखतही नाही. वाजवताना बोटे आपसूक आखडतात. हा दोष मेंदूकडून होणाऱ्या स्नायूंच्या नियंत्रणात असतो. अमेरिकी गिटारवादक डेव्हिड लाइस्नर यांची कारकीर्द १९८०च्या दशकात त्यामुळे खंडित झाली. पाठ आणि खांद्याच्या मोठ्या स्नायूंचा वापर करत त्यांनी वादन नव्याने घडवले आणि १९९०च्या दशकात ते मंचावर परतले. पण त्यासाठी त्यांना अनेक वर्षे द्यावी लागली.