कर्तव्याच्या दारातून

लक्ष्मीबाई टिळकांची दोन मोठी पुस्तके, आणि दोन्ही त्यांनी आपण होऊन लिहायला घेतलेली नाहीत. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले. पुढे वडिलांचे चरित्र लिहायचे मुलाने, देवदत्त टिळकांनी, मनावर घेतले आणि आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ झाली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांचे. त्यांचे दहा-अकरा अध्याय लिहून झाले होते, पुढचे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. एक पुस्तक चरित्रासाठी जमवलेल्या घरच्या कागदांतून निघाले, दुसरे घरात अर्धवट राहिलेल्या हस्तलिखितातून. शाळेत कधी न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवलेल्या बाईने मराठीतले श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले, याला आपण चमत्कार म्हणतो. कौतुक रास्तच आहे. पण चमत्कार म्हटले की ते घडले कसे हे विचारायचे राहून जाते. मला दिसते ते असे, की पत्नीचे आणि आईचे कर्तव्य हेच त्यांचे लेखनात शिरायचे दार होते, आणि एकदा आत आल्यावर कर्तव्याने आखलेल्या रेषेपाशी त्या थांबल्या नाहीत.

त्या घराला फुरसत ठाऊक नव्हती. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, बिऱ्हाड एका जागी ठरत नसे, आणि दारी आलेला माणूस परत जात नसे. राहुरीत दुष्काळातली अनाथ मुले घरात आली. नगरला बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. या सगळ्यांच्या पोटाची काळजी शेवटी एकाच बाईच्या माथी. अशा घरात स्वतःसाठी म्हणून कागद पुढे ओढणाऱ्या बाईला निदान स्वतःच्या मनाला तरी उत्तर द्यावे लागते. नवऱ्याच्या चरित्रासाठी, नवऱ्याच्या काव्यासाठी लिहायचे म्हटले की ते उत्तर आधीच तयार असते. लेखन घरच्या कामांतलेच एक होऊन बसते. शिवाय घरातली मंडळी लिहिणारी असल्याने कागद जपले गेले आणि छापलेही गेले, ही गोष्ट लहान नाही. त्या काळच्या किती बायकांचे लिहिलेले घरातच विरून गेले असेल!

यावर कोणी म्हणेल, मग हे आज्ञापालनच झाले, त्यात स्वतंत्र निर्मिती कुठे? त्याचे उत्तर मजकुरातच आहे. मागितले होते वडिलांचे चरित्र. लक्ष्मीबाईंनी सुरुवात केली आपल्या माहेरापासून, 1857च्या धामधुमीत फाशी गेलेल्या आजोबांपासून आणि त्यानंतर सोवळ्याने झपाटलेल्या वडिलांपासून. टिळकांचा संताप, लहर, घर उधळून देणारे दातृत्व यांतले काहीही त्यांनी झाकले नाही, आणि तरीही प्रेम उणे झाले नाही. श्रद्धेचेही तसेच. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे नातलगांत काढली, परत नवऱ्याजवळ आल्यावरही आधी आपले सोवळे सांभाळले, मग जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या विचाराने ठरवून ते सोडले, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. धर्माच्या बाबतीत नवऱ्याला इतकी वर्षे थांबायला लावणारी बाई लेखनात केवळ सांगितले तेवढे करील, हे पटण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. आठवणी उतारवयात लिहिलेल्या, कालक्रम मागेपुढे झालेला, शिवाय त्यांना मुलाचा हात लागलेला. 1934 ते 1936 या काळात निघालेल्या चार भागांपैकी शेवटचा तर लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर देवदत्तांनी पुरा केला. अमुक घटना अमुक साली झाली एवढ्यासाठी ‘स्मृतिचित्रे’ हा एकटा पुरावा धरू नये, हे मान्य. पण धर्मांतराने एका ब्राह्मण घरातली चूल, पाणी, नातीगोती यांचे नेमके काय होते, हे मिशनच्या अहवालांत सापडणार नाही. तिथे बाप्तिस्म्याची नोंद असते, त्याआधीच्या रडण्याची नसते. मुलाच्या संपादनाबद्दल म्हणायचे, तर वडिलांची प्रतिमा सजवणे हा त्याचा हेतू असता, तर बापाच्या रागाचे इतके प्रसंग पुस्तकात उरलेच नसते.

‘ख्रिस्तायना’कडे मात्र आपण फारच कमी पाहिले आहे. टिळकांच्या भागापुढे लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय रचले, समारोपाचा अध्याय देवदत्तांचा, आणि ग्रंथ 1938 मध्ये छापून आला. आकार पाहिला तर हे काव्य प्रामुख्याने लक्ष्मीबाईंचे आहे. तरी बोलताना ते टिळकांचे अपुरे काम आणि बाईंची निष्ठा एवढ्यावरच आटोपते. आत्मचरित्र वाचणाऱ्यांना ख्रिस्तचरित्र नको असते आणि ख्रिस्ती वाचकाला ते बहुधा भक्तीपुरते पुरते. पण संसार, श्रद्धा आणि काव्य या तिन्हींचे ओझे एकाच वेळी वाहणारी बाई येशूच्या कथेतल्या मार्था-मरियांबद्दल, भाकरीबद्दल, भुकेल्या गर्दीबद्दल काय लिहिते, ते राहुरीच्या आठवणींच्या शेजारी ठेवून तपासण्याचे काम मराठी समीक्षेने अजून नीट हाती घ्यायचे आहे.