शेती राखली, बलुतेदारांचं काय?

वॉशिंग्टन डी.सी.च्या उत्तरेला, मेरीलँड राज्यात आमची मॉन्टगोमेरी काउंटी. आपल्या मंडळींना ती माहीत असते ती मेट्रोची रेड लाइन, चांगल्या शाळा आणि न परवडणारी घरं यांच्यामुळे. पण १० लाखांहून जास्त वस्तीच्या या काउंटीची जवळजवळ एक तृतीयांश जमीन, म्हणजे सुमारे ९३,००० एकर, शेतीसाठी राखून ठेवली आहे, असं सांगितलं की भारतातून आलेले पाहुणे थक्क होतात. बरं, ही जमीन काही आपोआप उरलेली नाही. तिच्यामागे अनेक वर्षांची भांडणं आहेत. त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं भांडण जमिनीचं नसून बलुतेदारांचं आहे.

अमेरिकेतलं झोनिंग जन्मलं ते शहरांसाठी. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये पहिला शहरव्यापी कायदा केला आणि १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने या कल्पनेवर शिक्कामोर्तब केलं. घरं इथे, दुकानं तिथे, कारखाने त्याच्या पलीकडे, असा हा सरळ हिशेब. पण शेत यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाही. शेतकऱ्याचं घर, गोदाम, अवजारांची दुरुस्ती आणि भाजीचं दुकान एकाच आवारात असतं!

आमच्या काउंटीने १९६४ च्या आराखड्यात ठरवलं की वस्ती मोठ्या रस्त्यांच्या कडेने वाढू द्यायची आणि मधले पट्टे मोकळे ठेवायचे. १९७३ मध्ये नियम आला की ग्रामीण भागात पाच एकरांना एकच घर. पण झालं भलतंच. पाच एकर म्हणजे गवत कापायला फार आणि शेती करायला अपुरे. मोठमोठे बंगले उठू लागले आणि शेतांचे तुकडे होत राहिले. शेवटी १९८० मध्ये, रॉइस हॅन्सन प्लॅनिंग बोर्डाचे अध्यक्ष असताना, मर्यादा २५ एकरांना एक घर अशी कडक झाली.

आता शेतकरी चिडणारच. शंभर एकरवाल्याला काल २० घरं बांधता येत होती, आज फक्त चार. यावर तोडगा निघाला तो टी.डी.आर.चा, म्हणजे विकासहक्काच्या हस्तांतरणाचा. मुंबईकरांना हा शब्द १९९१ च्या विकास नियमावलीपासून पाठ आहे. तिथे तो आरक्षित भूखंडांसाठी आला, इथे शेतीसाठी. दर पाच एकरांमागे एक हक्क शेतकऱ्याला मिळाला. तो बिल्डरने विकत घ्यायचा आणि शहरी भागात जादा घरं बांधायची. ती घरं नेमकी कुठे वाढवायची हे ठरवण्याची पद्धत मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये चुकीची ठरवली, तेव्हा काउंटीने ती दुरुस्त केली आणि योजना पुढे चालू ठेवली. या मार्गाने ५०,००० हून जास्त एकर जमिनीवर कायमची बंधनं आली.

जमीन तर राखली, पण आपल्या गावगाड्यात शेती एकट्या कुणब्यावर चालत नव्हती. लोहार, सुतार, चांभार हाताशी असत म्हणून नांगर आणि मोट चालू राहत. इथला लोहार म्हणजे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बियाणं-खत विकणारा, धान्य आणि फळांवर प्रक्रिया करणारा, खाटीकखाना चालवणारा. यांना शेतांच्या मधोमध धंदा करू द्यायचा का? नाही म्हटलं तर शेतकऱ्याने एका सुट्या भागासाठी दुसऱ्या काउंटीत धावायचं. सरसकट हो म्हटलं तर राखीव रानात बाजार उभा राहायचा. त्यात तिथे सार्वजनिक गटारं नाहीत. विहीर आणि सेप्टिक टाकी यांवरच सगळा कारभार.

काउंटीने काढलेला मार्ग २०१४ च्या नव्या झोनिंग संहितेत स्पष्ट दिसतो. काही उपयोग थेट मान्य. काही लिहिलेल्या अटी पाळल्या की मान्य. आणि यंत्रविक्री-दुरुस्ती, शेतमाल प्रक्रिया, खाटीकखाना यांसारख्यांना जाहीर सुनावणी होऊन सशर्त परवानगी. त्या सुनावणीत शेजारीपाजारी वाहतूक, आवाज, पाणी या सगळ्यांवर बोलू शकतात.

खरी कसोटी लागते ती सीमारेषेवर. द्राक्षं पिकवून वाइन करणं हा शेतीचाच जोडधंदा. पण वाइनच्या नावाखाली दर शनिवारी लग्नाचा हॉल चालवला तर? २०१८ मध्ये काउंटीने वायनरी, ब्रुअरी, सायडर आणि डिस्टिलरी यांच्यासाठी एकत्र नियम केले, मद्यनिर्मितीचा धागा शेतीशी बांधला आणि मोठ्या समारंभांवर मर्यादा घातल्या. २०२१ मध्ये सौरऊर्जेची पाळी आली. तेव्हा जास्तीत जास्त १,८०० एकरांवर सशर्त परवानगी द्यायचं ठरलं, आणि उत्तम प्रतीची जमीन त्यातून वगळली गेली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता. हा धंदा शेतीला आधार देतो की शेतीच्या आधाराने जगतो?

माझ्या मते झोनिंगच्या प्रत्येक अर्जाला आपण हाच प्रश्न विचारायला हवा. ऑक्टोबरात मुलांना घेऊन भोपळे आणायला जायला, सफरचंदं तोडायला आपल्याला फार आवडतं. पण त्याच रस्त्यावर ट्रॅक्टरचं वर्कशॉप येणार म्हटलं की आपल्याच कपाळावर आठ्या पडतात. हे रान म्हणजे देखावा नव्हे, तिथे कुणाचं तरी पोट चालतं. १९८० साली नियम करून जमीन राखता आली. शेतकरी टिकवायचा तर त्याच्या लोहारालाही जागा द्यावी लागते, आणि ती देताना सुनावणीच्या खुर्च्यांवर आपल्यातलेही चार जण बसलेले असावेत.