मालधक्क्यावरची इवली मोटार

पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांच्या नजरा धावत्या गाड्यांवर होत्या, माझी मात्र रस्त्यावरच्या मोटारींवर. कारखान्यात व्हर्नियर वापरायची सवय. त्यामुळे पहिला प्रश्न मापाचाच पडला: ही मोटार या रेल्वेच्या प्रमाणात बसते का? त्या प्रश्नापायी मी माल पोहोचवणाऱ्या मोटारींच्या प्रतिकृती जमवू लागलो, आणि त्यांच्या मागोव्याने लिव्हरपूलचा इतिहास वाचू लागलो.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर फ्रँक हॉर्नबी यांचा मेकॅनो कारखाना होता. १९३३च्या अखेरीस तिथून सहा छोट्या वाहनांचा २२ क्रमांकाचा संच निघाला. त्यात एक ट्रक आणि एक डिलिव्हरी व्हॅन होती. हॉर्नबीच्या ओ गेज रेल्वेभोवतीचा देखावा सजवण्याचे सामान, एवढीच त्यांची योजना. १९३४ मध्ये या मालिकेला डिंकी टॉइज हे नाव मिळाले आणि रेल्वेच्या आधाराने आलेल्या मोटारी स्वतंत्रपणे नावारूपाला आल्या. त्याच साली २८ क्रमांकाच्या व्हॅन आल्या. त्यांच्या अंगावर ऑक्सो, पिकफर्ड्स, मँचेस्टर गार्डियन अशा खऱ्या जाहिराती होत्या.

यातून इतिहास कसा वाचायचा, याचे एक उदाहरण देतो. ब्रिटिश रेल्वे कंपन्या मालधक्क्यावरून दुकानांपर्यंत माल घोडागाडीने पोहोचवत. १९३०च्या दशकात त्या जागी स्कॅमेल कंपनीचा तीनचाकी ‘मेकॅनिकल हॉर्स’ आला. अरुंद गल्लीत तो सहज वळे, आणि एका ट्रेलरमध्ये माल भरला जात असताना दुसरा ट्रेलर ओढून नेई. डिंकीने त्याचीही प्रतिकृती काढली, रेल्वे कंपन्यांच्या रंगांसह. १ जानेवारी १९४८ रोजी या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी जुने रंग एका रात्रीत पुसले गेले नाहीत. म्हणून नव्या नावाच्या इंजिनाशेजारी जुन्या नावाची मोटार दिसली, की ती चूक समजू नये. तो संक्रमणाचा काळ असू शकतो. उलट १९३५ सालच्या देखाव्यात १९४८चा स्कॅमेल स्कॅरब उभा असेल, तर ती नक्की चूक.

मापाचा घोळ मात्र मुळातच आहे. एचओ प्रमाण १:८७, त्याच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान, त्यांच्या १:८७ प्रतिकृतीत त्या काळच्या मोटर मावेनात. म्हणून डबे-इंजिने १:७६ केली, रूळ तेच ठेवले. गुणाकार करून पाहा: प्रत्यक्षातले १४३५ मिलिमीटरचे अंतर इथे जेमतेम १२५४ भरते. म्हणजे १:७६ची मोटार शेजारच्या डब्याशी जुळते, रुळांशी नाही. डब्याशी जुळणारी मोटार घ्यायची, हा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे.

माझ्याकडची सर्वांत जुनी व्हॅन १९३०च्या दशकातली आहे, जस्ताच्या मिश्रधातूची. त्या ओतकामात शिशाचा अंश मिसळला गेला, तर धातू आतून कुजतो, फुगतो, तडकतो. दमट, उष्ण हवेत हे लवकर घडते. आमच्याकडचा पावसाळा तिला मानवत नाही. चाकांजवळ केसाएवढी भेग गेली आहे. एका विक्रेत्याने सुचवले, ‘नव्याने ओतलेला सांगाडा बसवा, रंग मारा, कुणाला कळणारही नाही.’ मला कळेल, म्हणून नाही म्हटले.

दर दिवाळीत तिची लांबी मोजून वहीत लिहितो. यंदा आकडा गेल्या वर्षीपेक्षा किंचित वाढला आहे. अचूक मापासाठी घेतलेली वस्तू स्वतःच माप बदलते आहे आणि ते थांबवण्याचा उपाय माझ्याकडे नाही. तिचे फोटो काढले, रंग आणि अक्षरे टिपून ठेवली. व्हॅन गेली तरी वही राहावी, एवढी सोय केली आहे.