कॅमेऱ्यामागचा खांदा

प्रताप नगरात माझ्या मामांच्या घरी माळ्यावर एक छोटी गादी होती. वीतभर लांब, काळ्या रेक्झिनची, आत स्पंज आणि जुन्या चादरीच्या घड्या. मामीने ती नव्वदीच्या सुरुवातीला शिवली होती. मामा तेव्हा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि उजव्या खांद्यावर शर्टाच्या आत ही गादी ठेवून त्यावर कॅमेरा घ्यायचे. गेल्या दिवाळीत मामेभावाने जाहीर केलं की तो नोकरी सोडून पूर्णवेळ हाच धंदा करणार. मामा काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "माळ्यावरची ती गादी काढून दे बरं." स्वतः काढू शकत नव्हते. त्यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही.

मामेभाऊ हसला. "बाबा, आता खांद्यावर कॅमेरा घेतच नाही कोणी."

"मंग कुठं घेते?"

"हातात."

"मंग हाताले पाहा," मामा म्हणाले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोज दहा तास खुर्चीत बसतो आणि कंपनी मला वर्षातून एकदा मनगट कसं ठेवावं, पाठ कशी टेकवावी याचं ट्रेनिंग देते. मामांनी तीस वर्षं त्याहून जड काम केलं, पण त्यांना असं कुणी काही सांगितलं नाही. तेव्हापासून मी आपल्याकडच्या सिनेमाचा इतिहास वाचताना एकच गोष्ट शोधतो: कॅमेरा नक्की कोणी उचलला आणि त्याच्या अंगाचं काय झालं?

हा इतिहास सुरूच होतो अंगापासून. नोव्हेंबर १८९९मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रित केली. एखाद्या भारतीयाने केलेलं हे पहिलं चित्रण मानलं जातं. कॅमेरा त्यांनी इंग्लंडहून २१ गिनींना मागवला होता. त्या दिवशी त्या जागेवर कष्टाची तीन शरीरं होती. दोघांच्या मागे तालीम, वस्ताद, जोर-बैठका, मालीश आणि खुराक अशी पिढ्यांची व्यवस्था उभी होती. तिसरा माणूस यंत्राचा दांडा फिरवत होता. त्याच्यासाठी असं शास्त्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. सव्वाशे वर्षांनी तरी ते नीट आलंय का, हा माझा प्रश्न आहे.

पहिली किंमत मोजली ती डोळ्यांनी. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वेड लागलं ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. रोज संध्याकाळी चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेला वेळ प्रयोग करायचे आणि झोपायचे जेमतेम तीन तास, असं महिनोन् महिने चाललं. शेवटी दिसेनासं झालं. मुंबईच्या डॉ. प्रभाकरांनी उपचार केले, तीन-चार चष्मे दिले आणि दृष्टी परत आली. १९१७मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलेल्या लेखांत फाळक्यांनी स्वतःच हे नोंदवलंय. भारतात पूर्ण लांबीचा चित्रपट तयार होण्याआधीच त्यापायी एक माणूस अंध होता होता वाचला. आपण ही कथा त्यागाची म्हणून सांगतो. मला ती झोपेची कथा वाटते.

१९१२मध्ये फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 'राजा हरिश्चंद्र'चं चित्रण त्र्यंबक तेलंग यांनी केलं. तेलंगांना हे काम फाळक्यांनीच शिकवलं होतं. त्या काळी सर्वसाधारणपणे दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी निघत आणि सेकंदाला सोळा लागत. म्हणजे सेकंदाला दोन फेरे, न थकता, न डगमगता, एकाच लयीत. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चौकटी. गुणाकार करून पाहिला तर ५९,२०० चौकटी आणि ७,४०० फेरे होतात. हे फक्त पडद्यावर दिसलं तेवढ्याचे. तालमी आणि वाया गेलेली फिल्म वेगळी. उन्हाचा प्रकाश पात्रांच्या तोंडावर पाडायला सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर धरून उभ्या राहत. रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं कामही त्या करत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही. श्रेयनामावलीत मनगटं, पाठ आणि डोळे यांना जागा नसते.

कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा विकत घेण्याऐवजी घरीच बनवायचं ठरवलं. आनंदराव १९१६मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८मध्ये तो पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' तयार झाला. हा आपल्या यंत्रविद्येतला मोठा पराक्रम. पण तोवर वजन तरी तिकाटण्यावर होतं. कॅमेरा हलत नव्हता, माणूस त्याच्या मागे उभा राहत होता.

मग बोलपट आला. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिफितीत येऊ नये म्हणून हॉलिवूडमध्ये सुरुवातीला कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडत. आत ना वारा, ना पंखा. शॉट संपला की माणूस घामाने निथळत बाहेर यायचा. पुढे माणूस बाहेर आला आणि आवाज अडवणारं कवच कॅमेऱ्यालाच चढवलं गेलं. त्यामुळे मिचेलसारखा स्टुडिओतला कॅमेरा दोघा-तिघांनी मिळून उचलायचा झाला. १९३७मध्ये जर्मनीत आरीफ्लेक्स आला. पाच-सहा किलोंचा, हातात धरता येणारा. सगळ्यांनी त्याला मुक्ती म्हटलं. चित्राच्या बाजूने ती होतीच. पण तिकाटण्यावरचं वजन माणसाच्या अंगावर आलं, तेही याच वाटेने.

आमच्या मामांची गोष्ट इथून पुढे सुरू होते. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आला आणि काही वर्षांत लग्नाची कॅसेट ही हुंड्याइतकी नसली तरी आहेराइतकी आवश्यक गोष्ट झाली. त्याच १९८२मध्ये सोनीच्या बीटाकॅमने कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच पेटीत आणले होते. तोवर वार्ताहरांच्या जोडीत एकाच्या खांद्यावर कॅमेरा आणि दुसऱ्याच्या गळ्यात रेकॉर्डर असे, मध्ये केबल. पेटी एक झाली आणि बऱ्याच ठिकाणी दुसरा माणूसच कमी झाला. लग्नांच्या बाजारात पॅनासॉनिकचे 'एम'ने सुरू होणारे व्हीएचएस कॅमेरे आले. शिसं-आम्लाच्या बॅटरीसह वजन तीन-साडेतीन किलो. शेजारी हजार वॅटचा हॅलोजन धरलेला पोरगा. नागपुरातली लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे, पारा पंचेचाळीसवर. मांडवात हॅलोजनच्या झळा आणि बाहेर वरातीत संदलच्या तालावर उलटं चालत शूटिंग. मामांना मी विचारलं, खांदा बदलायचात का? ते म्हणाले, बदलता येत नाही. कॅमेराच उजव्या खांद्यासाठी बनलेला, काच उजव्या डोळ्यासमोर. तीस वर्षं एकाच खांद्यावर वजन आणि मान एकाच बाजूला. आजही ते फोटोत उभे राहिले की उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली दिसतो.

याच काळात जगात दुसरीकडे काही लोक उलट दिशेने विचार करत होते. अमेरिकेत गॅरेट ब्राउन यांनी स्टेडीकॅम बनवला. १९७६च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' आणि 'रॉकी'मध्ये तो दिसला. लोकांना त्यातलं तरंगतं चित्र आठवतं. मला त्यातलं जाकीट महत्त्वाचं वाटतं. पंचवीस-तीस किलोंचं ओझं हातावर न राहता जाकिटातून कमरेवर उतरतं. आपल्या बायका घागर कमरेवर घेतात त्यामागचं शास्त्र हेच. स्वीडनचे योहान हेलस्टेन यांना स्वतःच्याच मान-पाठीच्या दुखण्याने बेजार केलं, तेव्हा त्यांनी नव्वदीच्या दशकात इझीरिग तयार केला. त्यात डोक्यावरून येणाऱ्या दोरीला कॅमेरा टांगलेला असतो आणि भार कंबरपट्ट्यावर जातो. दोन्ही उपाय एकच सांगतात: वजन नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. ते कुठे न्यायचं हे आपण ठरवू शकतो. मामीने गादी शिवताना हेच ठरवलं होतं, फक्त तिच्याकडे रेक्झिनचा तुकडा तेवढा होता.

२००८मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला. नुसता कॅमेरा ८१० ग्रॅमचा. त्याने उत्तम व्हिडिओ निघायला लागला आणि खांद्यावरचे कॅमेरे लग्नांतून हळूहळू गेले. चित्र हलू नये म्हणून पुढे मोटारींवर चालणारे गिंबल आले. मामेभावाच्या वजनकाट्यावर आम्ही सगळं मांडलं: कॅमेरा, जड लेन्स, गिंबल, माइक. साडेतीन किलोंच्या आसपास. म्हणजे मामांच्या जुन्या व्हीएचएसचंच वजन, पण आता हाताच्या टोकाला.

इथे मला अकरावीचं भौतिकशास्त्र कामी आलं. भाराचा ताण नुसत्या किलोंवर नसतो, सांध्यापासूनच्या अंतरावरही असतो. हात पुढे करून पन्नास सेंटिमीटरवर गिंबल धरला तर खांद्याला जो पीळ बसतो, तो कोपर बरगड्यांना टेकवून वीस सेंटिमीटरवर धरल्यास अडीचपट कमी होतो. गिंबल मनगटाचा कंप खाऊन टाकतो, पण चालताना होणारी वरखाली हालचाल नाही. ती गुडघ्यांनीच शोषायची असते. म्हणून हे पोरगे अर्धवट बैठक मारल्यासारखे चालतात. म्हणजे पुन्हा तालमीतच आलो. मामेभाऊ आता रोज पन्नास बैठका काढतो. विधींच्या मध्ये हातातला गिंबल हमखास टेबलावर ठेवतो. एका जागचे विधी एकदांडी स्टँडवर घेतो. पातळ तळव्याचे बूट सोडून जाड तळव्याचे घेतलेत. पाण्याच्या बाटलीत मीठ-साखर-लिंबू असतं.

पण या सगळ्याने एक गोष्ट सुटत नाही, आणि तिचं नाव तास. मार्च १९९७मध्ये अमेरिकेत ब्रेंट हर्शमन हा सहायक कॅमेरामन एकोणीस तासांचं काम संपवून घरी जाताना गाडी चालवता चालवता झोपी गेला आणि मेला. तो ३५ वर्षांचा होता. हॅस्केल वेक्सलर या नामवंत छायालेखकाने त्यावर 'हू नीड्स स्लीप?' हा माहितीपट २००६मध्ये केला. फाळक्यांच्या तीन तासांच्या झोपेला आपण ध्येय म्हणतो. हर्शमनचं न झोपणं हा कामाच्या वेळापत्रकाचा प्रश्न होता. आमच्याकडे हळद सकाळी, लग्न संध्याकाळी, रिसेप्शन रात्री आणि बिदाई पहाटे. मग भंडाऱ्याहून किंवा वर्ध्याहून पाठीवर बॅग लावून दुचाकीने परत.

लग्न ठरवणाऱ्या लोकांना कॅमेरा दिसतो, ड्रोन दिसतो, अल्बमची पानं दिसतात. दर कमी करायचा म्हटलं की पहिला कापला जातो तो सोबतचा माणूस. त्याचं वजन मग उरलेल्याच्या अंगावर येतं. बीटाकॅमच्या वेळी जे झालं तेच.

मामेभावाच्या धंद्याचं दरपत्रक मी बनवून दिलं. त्यात दोन ओळी मामांनी सांगून घातल्या: एक सहायक, आणि बाहेरगावी असेल तर रात्रीचा मुक्काम. दोन्ही ओळींपुढे रक्कम लिहिली आणि "वगळता येणार नाही" असंही लिहिलं. डिसेंबरमध्ये त्या ओळींपायी एक ऑर्डर गेली. मामेभाऊ आठवडाभर गप्प होता. मामांनी विचारलं, "किती गेले?" त्याने आकडा सांगितला. मामा म्हणाले, "माह्या खांद्याच्या डॉक्टरले याच्याहून जास्त देल्ले."

पुढच्या लग्नाला त्या ओळी तशाच राहिल्या आणि ऑर्डर मिळाली. मी सहज बघायला गेलो होतो. सप्तपदी सुरू झाली तसा मामेभाऊ खाली बसला, कारण चित्र पावलांच्या उंचीवरून घ्यायचं होतं. सहायकाने बॅगेतून काळ्या रेक्झिनची ती गादी काढली आणि त्याच्या गुडघ्याखाली सरकवली.