एक शब्द, दोन ससे

मी दहा-अकरा वर्षांचा असताना भोकरदन तालुक्यातल्या आमच्या शेतात ज्वारी काढताना सशाचे एक पिल्लू सापडले. मुठीएवढे, अंगभर लव, डोळे टक्क उघडे. शेजारी ना बीळ, ना काडीकचऱ्याचे अंथरूण. गुरुजींनी तर शिकवले होते, की सशाची मादी पिलांसाठी स्वतःची लव उपटून अंथरूण करते. ज्याअर्थी अंथरूण नाही, त्याअर्थी याला आई नाही, असे मी ठरवले. घरी आणून कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी ते मेले.

गुरुजींचे चुकले नव्हते. ते दुसऱ्या प्राण्याचे सांगत होते.

पिंजऱ्यातला पांढरा ससा, इंग्रजीतला रॅबिट, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. महिनाभराच्या गाभणपणानंतर, विण्याच्या सुमारास मादीच्या शरीरातले स्राव बदलतात, छाती-पोटाची लव सैल होते. ती तोंडात गवत धरून नेते, वर लव उपटून पसरते. त्यात आचळेही मोकळी होतात. पिले उघडी आणि आंधळी जन्मतात, डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. तोवर ही ऊबच त्यांचे कातडे. आई मात्र दिवसातून एकदा, चार-पाच मिनिटेच पाजायला येते.

आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा म्हणजे हेअर. तो बीळ खणत नाही, लव उपटत नाही. पिले लवेसह, उघड्या डोळ्यांनी गवतातच जन्मतात. आई मुद्दाम लांब राहते, म्हणजे तिच्या वासावर कोल्हा येत नाही. पाजायला येते ती बहुधा अंधार पडल्यावर.

संस्कृतातला शश, चंद्राला शशांक करणारा, तो हाच. दुसरा इथे नव्हताच. बॅलिएरिक बेटांवरच्या लोकांनी सशांनी पिके फस्त केली म्हणून सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितले, असे प्लिनी लिहितो. हा प्लिनी इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच राखेखालच्या पॉम्पेईत 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि तिच्याशी जुळणारी 1973 च्या उत्खननात आमच्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनला. (गावाचे नाव आले की माझी लेखणी जरा रेंगाळते.) तर रोमशी एवढी ये-जा असूनही तिकडचा ससा तेव्हा इकडे रुळला नाही. तो पुष्कळ नंतर, युरोपियनांच्या राबत्यातून पिंजऱ्यात आला. नवा प्राणी आला, पण मराठीने त्याला नवा शब्द दिला नाही. जुन्याच नावात तो शिरला आणि चित्रांतून, गोष्टींतून मूळ धन्यालाच त्याने बाहेर काढले.

1972 च्या वन्यजीव कायद्याने रानससा पकडायला बंदी आहे. तरी सोयाबीन काढणीत दर वर्षी कुणीतरी पोर ओंजळीत पिल्लू घेऊन माझ्याकडे येते. मी एवढेच विचारतो, कुठल्या तासातून उचललेस? मग दोघे जाऊन ते तिथेच ठेवतो. गेल्या वर्षीचा पोरगा बांधावरून हलेना. आई येईपर्यंत थांबू म्हणाला. आपण थांबलो तर ती येणार नाही, हे त्याला पटवेपर्यंत दिवस मावळला.